कोथिंबिरीची जुडी

माझी कंबर धरली ती कोथिंबिरीच्या जुडीपायी. एवढं साधं वाक्य खरं खरं लिहायला मला दीड वर्ष लागलं.

आषाढातली संध्याकाळ होती. शाळेतून येताना मंडईत थांबून भाजी घेतली होती. घरी येऊन पिशवी ओट्यावर ओतली आणि जुडी घरंगळून खाली पडली. पावसाळ्यात कोथिंबिरीला काय भाव असतो ते सगळ्यांना माहीत आहे. कुणाच्या पायाखाली यायच्या आत उचलावी म्हणून वाकले, आणि कमरेतून जी सणक निघाली ती थेट डाव्या मांडीपर्यंत. वर होता येईना, खाली बसता येईना. ओट्याची कड धरून मी काटकोनात उभी. शेगडीवरचं दूध उतू गेलं, ज्योत विझली, गॅसचा वास सुटला, तेव्हा कसाबसा हात लांब करून बटण फिरवलं. जुडी तिथेच. रात्री सासूबाईंनी ती उचलली, निवडली आणि आमटीवर भुरभुरवलीसुद्धा.

दुसऱ्या दिवशी रजा सांगायला शाळेत फोन केला. मुख्याध्यापकांचा पहिला प्रश्न, "काय उचललंत बाई?"

मी म्हणाले, "सिलिंडर."

खोटं बोलायचं असं काही ठरवलं नव्हतं. पण 'कोथिंबीर' ओठांपर्यंत आली आणि पलीकडचं हसू मला आधीच ऐकू आलं. भरलेला सिलिंडर तीस किलोच्या घरात जातो. तेवढ्या ओझ्याखाली कंबर गेली तर त्यात काही मान आहे. जुडीखाली गेली, तर एकतर बाईचं वय झालं नाहीतर बाई ढोंग करतेय. त्या आठवड्यात ही गोष्ट इतक्या जणांना सांगितली की तिला तपशीलही फुटायला लागले. डिलिव्हरीवाला खालीच ठेवून गेला, घरात कुणी नव्हतं, मीच दोन पायऱ्या चढवला. नवऱ्यालाही हीच गोष्ट. सासूबाईंना खरं माहीत होतं, पण त्यांनी चकार शब्द काढला नाही.

शेजारच्या काकू ओव्याची पुरचुंडी घेऊन शेकायला आल्या. काकूंच्या कमरेला गेली अकरा वर्षं पट्टा आहे. लग्नकार्यातसुद्धा शालूवरून बांधतात. त्यांची गोष्ट अख्ख्या बिल्डिंगला पाठ आहे. माणदेशात राहत होत्या, दुष्काळाचं साल, टँकरचं पाणी भरलेलं पिंप सरकवायला गेल्या आणि मणका बसला. माझा सिलिंडर ऐकून त्यांनी मान डोलावली. "आता जन्माचं जपायचं गं," म्हणाल्या. आपल्याच पंगतीत कुणीतरी येऊन बसावं तसा त्यांचा सूर होता.

पहिले तीन आठवडे मी पडून काढले. साध्या कंबरदुखीत अंथरूण धरू नये, झेपेल तेवढं हिंडतं-फिरतं राहावं, असं आता डॉक्टर सांगतात. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. (ज्यांचा लघवी-शौचावरचा ताबा गेल्यासारखा वाटतो, मांड्यांच्या मध्ये बधिरपणा येतो, पायातलं बळ कमी होत जातं, सोबत ताप आहे किंवा वजन उतरतंय, किंवा पडल्या-आपटल्यावर दुखणं सुरू झालं, त्यांनी हा लेख बाजूला ठेवून आधी डॉक्टर गाठावा. त्या गोष्टी वेगळ्या.)

महिनाभरात कळ निम्म्याने उतरली. धास्ती मात्र चढत गेली. वाकणं हा माझ्या लेखी एक प्रसंग झाला. चपला पायानेच सरळ करायच्या. केर काढायचा नाही. देवळात नमस्कार उभ्यानेच. खुर्चीतून उठण्याआधी मनातल्या मनात तयारी, मग श्वास रोखून उठायचं, आणि उठल्यावर क्षणभर थांबून अंदाज घ्यायचा की आली का कळ? जिची एवढी वाट बघतो ती येतेच. वर्गात खडू पडला की चार पोरं एकदम धावायची, "बाई, तुम्ही वाकू नका!" त्यातला एक तर खडू पडायची वाटच बघत असायचा.

आणि नवरा. "तू बस, मी करतो," हे वाक्य ऐकायला मी लग्नानंतर एकोणीस वर्षं आसुसले होते. आता ते दिवसातून दहा वेळा ऐकू यायला लागलं, आणि मीही बसले. घरच्यांनी फार जपलं की दुखणेकरी आणखी दुखणेकरी होतो, या विषयावर अभ्यास झालेत असं नंतर वाचलं. नवऱ्याला ते दाखवलं नाही. इतक्या वर्षांनी लागलेली सवय कशाला मोडा?

तीन महिन्यांनी एमआरआय काढला. 'डिफ्यूज डिस्क बल्ज', 'डिजनरेटिव्ह चेंजेस' असं बरंच काही त्या कागदावर होतं. डॉक्टरांनी दोन पेशंटांच्या मधल्या वेळात त्याचं मराठी करून दिलं. "गादी सरकलीय. झीज आहे. नस दबतेय. वाकू नका, वजन उचलू नका." मी बावीस वर्षं मराठी शिकवते. माझ्या बाबतीत शब्द एका कानाने आत येऊन दुसऱ्या कानाने जात नाहीत, आत शिरून घर करतात. 'गादी सरकली' म्हटल्यावर मला माहेरच्या खाटेवरची कापसाची गादी दिसायला लागली, एका बाजूने लोंबणारी, आणखी एक धक्का बसला की खालीच येणार. 'झीज' म्हटलं की वहाणेची टाच. 'नस दबली' म्हटलं की दारात सापडलेलं बोट. एवढी चित्रं कमरेत घेऊन कोण वाकेल?

मणक्यांमधली ती चकती काही सुटी गादी नसते. वरच्या आणि खालच्या मणक्याला ती चिवट तंतूंनी घट्ट धरलेली असते. ती फुगते, कधी फाटून तिचा काही भाग बाहेर येतो, पण 'सरकत' नाही. आणि बाहेर आलेला भाग पुष्कळदा काही महिन्यांत आपला आपण आक्रसतो. २०१५ साली एका पाहणीत, ज्यांची पाठ मुळीच दुखत नव्हती अशा ३,११० माणसांच्या पाठीच्या तपासण्या एकत्र करून पाहिल्या. विशीतल्यांत ३० टक्क्यांच्या चकत्या फुगलेल्या, चाळिशीत ५० टक्के, ऐंशीत ८४ टक्के. म्हणजे माझ्या वयाच्या दर दोघांपैकी एकाच्या कमरेत माझ्यासारखंच चित्र आहे, आणि तो खुशाल आमच्या साताऱ्याचा अजिंक्यतारा किल्ला चढतोय. हे आकडे त्या कागदाच्या तळाशी छापले असते तर? अर्थात, तेव्हा छापले असते तरी मी विश्वास ठेवला असता का, शंका आहे.

कारण खरी भीती गादीची नव्हतीच. आई शेवटची सहा वर्षं खिडकीलगतच्या खाटेवर होती. हाडं ठिसूळ झाली होती, दोन मणके दबले होते. हाक मारायचा आवाज उरला नाही, म्हणून उशाला एक पितळी घंटी ठेवली होती. तिचा आजार वेगळा, माझं दुखणं वेगळं, हे मला कळत होतं. पण रात्री कूस बदलताना कळ आली की कानात घंटी वाजायची.

हेन्री बीचर नावाच्या अमेरिकन डॉक्टरबद्दल मी पुढे वाचलं. दुसऱ्या महायुद्धात इटलीतल्या अँझिओच्या आघाडीवर तो जखमी सैनिकांना तपासत होता. मोठ्या जखमा झालेल्या, शुद्धीवर असलेल्या सैनिकांना तो विचारायचा, वेदनेवर काही देऊ का? चारातले तीन जण म्हणायचे, नको. १९४६ साली त्याने हे छापलं. पुढे त्याने शस्त्रक्रिया झालेल्या साध्या नागरिकांशी तुलना केली, तर तिथे बहुतेक सगळे औषध मागत होते. बीचरचं म्हणणं असं, की सैनिकाला ती जखम म्हणजे युद्धातून जिवंत सुटका होती आणि नागरिकाला तीच आयुष्यावरचं संकट. जखम किती खोल आहे यापेक्षा ती पुढे काय घेऊन येणार आहे, यावर दुखणं जास्त ठरत होतं. माझी सणक घंटी घेऊन आली होती.

दिवाळीनंतर मी राजवाड्याजवळच्या एका फिजिओथेरपिस्टकडे जायला लागले. लहान गावात असतं तसंच, ती माझी विद्यार्थिनी निघाली. दहावीला मागच्या बाकावर बसायची, निबंधात ऱ्हस्व-दीर्घाचा आनंद. आता टेबलापलीकडे बसून तिने विचारलं, "बाई, सिलिंडर उचलताना गुडघे वाकवले होते की सरळ होते? धरला कसा होता?"

मी काहीतरी सांगितलं. तिने परत विचारलं. मी वेगळंच सांगितलं. गृहपाठाची वही घरी विसरलेल्यांची तोंडं मी बावीस वर्षं बघितली आहेत. माझं तोंड तेव्हा नेमकं तसं झालं असणार.

"कोथिंबीर होती," मी म्हणाले.

ती हसली नाही. "बरं झालं सांगितलंत. जुडीचं वजन कण्याला काय करणार बाई? तुमची कंबर आधीच चिडलेली असणार. त्या आठवड्यात काय चाललं होतं?"

आईचं वर्षश्राद्ध होतं. आदल्याच रविवारी. घराच्या वाटणीवरून भावाशी बोलणं झालं होतं, बोलणं म्हणजे भांडणच. दोन-तीन रात्री डोळ्याला डोळा नव्हता. हे सांगताना मला रडू आलं आणि राग पण आला. म्हणजे आता ही पोरगीसुद्धा सांगणार, बाई, तुमचं मनाचं आहे.

हे ऐकायची मला सवय झाली होती. एका लग्नात जाऊबाईंच्या भावाने, हातातला मठ्ठ्याचा ग्लास खाली न ठेवता, सांगून टाकलं होतं, "वहिनी, मनाचे खेळ असतात हो सगळे. मनातून काढून टाका." त्या रात्री माझी कंबर दुप्पट दुखली. एखाद्याला 'तुझं दुखणं मनाचं आहे' म्हणणं म्हणजे 'तुझं दुखणं नाहीच' असं म्हणणं, निदान ऐकणाऱ्याला तरी तसंच ऐकू येतं. मग तो पुरावा गोळा करायला लागतो. जास्त कण्हतो, जास्त लंगडतो, एमआरआयचा लिफाफा सोबत बाळगतो. माझा सिलिंडर दुसरं काय होता?

पण ती तसं म्हणाली नाही. म्हणाली, "घरात एकदा चोरी झाली की राखणीचा कुत्रा दूधवाल्यावरही भुंकतो. कुत्रा खोटा नाही, भुंकणंही खोटं नाही. फक्त चोर नाही. आईचं दुःख, जागरण, भांडण, यांनी कंबर धरली असं नव्हे. पण कुत्रा आधीच कान टवकारून बसला होता, आणि नंतर तुम्ही त्याला रोज सांगत राहिलात की चोर येणार आहे."

मग तिने एक किस्सा सांगितला. मी घरी येऊन शोधून वाचला, खरा आहे. १९९५ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आलेला. २९ वर्षांच्या एका बांधकाम कामगाराने उडी मारली ती १५ सेंटिमीटरच्या खिळ्यावर. खिळा बुटाच्या तळव्यातून शिरून वर आलेला. जरा हलला तरी जीव जायची पाळी, म्हणून गुंगीचं आणि वेदनाशामक औषध देऊन खिळा काढला. बूट उतरवला तर पायाला ओरखडा नाही. खिळा दोन बोटांच्या मधून गेला होता. या माणसाला ढोंगी म्हणाल? त्याला वेदना झाली नव्हती असं म्हणाल? त्याच्या मेंदूने डोळ्यांवर विश्वास ठेवला, माझ्या मेंदूने एका लिफाफ्यावर ठेवला.

तिने एका प्रश्नावलीतली सतरा विधानं मला मराठी करून वाचून दाखवली. हालचालीची भीती मोजायची पट्टी आहे ती. व्यायाम केला तर मला इजा होईल असं वाटतं, दुखतंय म्हणजे शरीरात काहीतरी धोकादायक बिघडलंय, अशी. प्रत्येकाला एक ते चार गुण. जास्तीत जास्त ६८. माझे ५३ भरले. शाळेत याला विशेष प्राविण्य म्हणतात.

त्या भीतीचं चक्र मानसशास्त्राच्या पुस्तकांत रेखाटलेलं आहे. दुखलं, म्हणून धास्तावलो. धास्तावलो, म्हणून टाळलं. टाळलं, म्हणून स्नायू आळसावले आणि मन उदास झालं. म्हणून आणखी दुखलं. चित्र बघितलं तेव्हा वाटलं, माझ्या घराचा नकाशाच कुणीतरी काढलाय. पण चित्र कळून कंबर वाकत नाही. तिने मला वाकायला लावलं. पहिल्या दिवशी खुर्चीवरचा टॉवेल उचलायचा. आठवड्याने स्टुलावरचा. मग पाटावरचा. जमिनीवरच्या टॉवेलपर्यंत पोचायला पाच आठवडे लागले. त्या दिवशी टॉवेल समोर, आणि माझं काळीज असं धडधडतंय की जणू बारावीचा निकाल आहे. वाकले. दुखलं. टॉवेल हातात घेऊन वर आले. "पाच वेळा," ती म्हणाली. पाचव्या वेळी पहिल्यापेक्षा कमी दुखलं, हे मी घरी सांगितलं तर कुणालाच त्यात विशेष वाटलं नाही.

एक नियम मात्र तिचा कडक होता. दुखलं म्हणून थांबायचं नाही आणि बरं वाटतंय म्हणून पुढे जायचं नाही. आकडा ठरवायचा आणि आकड्यावर थांबायचं. ही युक्ती अमेरिकेत सिएटलच्या विद्यापीठात विल्बर्ट फोर्डाइस नावाच्या मानसशास्त्रज्ञाने रुळवली. माणूस दुखण्यावर थांबत राहिला की दुखणंच मालक होतं. गावातल्या 'चार भिंती' नावाच्या टेकडीच्या चढावर मी असंच घड्याळ लावून चालायला शिकले. आधी सहा मिनिटं, मग आठ. एकदा खूप छान वाटत होतं, वरून अख्खं सातारा उन्हात पसरलेलं, आणि घड्याळ वाजलं. परत फिरले. शिस्त म्हणून नव्हे, तिच्या धाकाने. आपल्याच विद्यार्थिनीचा धाक वाटणं यात काही वेगळंच सुख आहे.

उन्हाळ्यात मात्र घात झाला. कुरडयांचा घाट घातला. चीक हाटला, गच्चीवर पाटावर बसून चार तास कुरडया घातल्या, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कंबर लाकूड. तिला मेसेज केला. तिचं उत्तर, "आकडा किती ठरला होता?" वीस मिनिटं. "आणि किती बसलात?" मी उत्तर दिलं नाही. पण त्या खेपेला तीन आठवडे नाही, दीड दिवस पडले. घंटी वाजली नाही असं नाही. वाजली, आणि मी उठून चहा टाकला.

या सगळ्यात मला आजोळची एक म्हातारी फार आठवली. ती पायाळू होती, म्हणजे जन्मताना पायांकडून आलेली. कुणाच्या पाठीत उसण भरली की सकाळी सकाळी तो तिच्या ओसरीवर पालथा. ती उजवा पाय तीनदा पाठीला लावायची आणि म्हणायची, "ऊठ, गेली बघ." आणि माणूस उठायचा. शिकल्यासवरल्यावर मला त्याचं हसू यायचं. आता अर्धंच येतं. उसण पुष्कळदा चार-आठ दिवसांत आपली आपण ओसरते, हे खरंच. पण त्या म्हातारीने कधी कुणाला गादी सरकलीय असं सांगितलं नाही. पाठीला हात लावायच्या ऐवजी पाय लावला, एवढंच. लावला तर खरा. आणि शेवटचा शब्द 'जप' नव्हता, 'ऊठ' होता.

वर्गात एकदा 'लागणे' या क्रियापदाचे अर्थ विचारत होते. भूक लागते, वेळ लागतो, नाद लागतो. एक मुलगी म्हणाली, "बाई, गुडघ्याला लागतं." तिच्या शेजारची म्हणाली, "आणि मनाला लागतं." दोघींनी एकच क्रियापद वापरलं आणि दोघींनाही त्यात काही नवल वाटलं नाही. मीही पुढचा अर्थ विचारला. मग हातातला खडू पडला. नेहमीचा तो पोरगा उठायच्या आत मी वाकून उचलला, तर वर्गभर "अरे!" असा आवाज. त्याचं तोंड तेवढं पडलं.

परवाची गोष्ट. आता थंडी आहे, कोथिंबीर मातीमोल झालीय. वड्या करायच्या म्हणून चार जुड्या घेतल्या होत्या. बिल्डिंगच्या जिन्याशी काकू भेटल्या. हातात दोन पिशव्या बघून त्यांनी डोळे मोठे केले. "अगं, एक माझ्याकडे दे. सिलिंडरचं विसरलीस काय?"

"काकू," मी म्हणाले, "सिलिंडर नव्हता."

"म्हणजे?"

मी पिशवीतून एक जुडी वर काढून दाखवली. "ही होती. खाली पडली, उचलायला वाकले."

काकू जुडीकडे बघत राहिल्या. मग जिन्यात वर-खाली कुणी नाहीसं पाहिलं. पट्ट्याची पकड जराशी सैल करून त्या पायरीवर टेकल्या आणि हळूच म्हणाल्या, "माझं पण पिंप नव्हतं गं. शिंक आली होती."